चार फटके आणि कबुलीजबाब

प्रश्न : शेजारच्या मुलाला चोरीच्या संशयावरून अटक झाली आहे. ‘चार फटके दिल्याशिवाय खरं बाहेर येत नाही’ असं सगळे म्हणतात. यात चूक काय? आणि घरच्यांनी काय करावं?

उत्तर : चूक मुळातच आहे. मार थांबावा म्हणून माणूस समोरच्याला हवं ते बोलतो, मग ते खरं असो वा नसो. म्हणूनच पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 23). त्याच कलमात एक फट आहे: कबुलीतून वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. माराचा मोह बहुधा तिथूनच येतो. पण कबुलीसाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हाच आहे. शिक्षा 7 वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास 10.

अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी होते. अहवालात जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ हवी. त्याची प्रत मागून घ्याच. कोठडी लांबली तर दर 48 तासांनी पुन्हा तपासणी, हा सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात घालून दिलेला दंडक. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेतील, तेव्हा मुलाने मार स्वतः सांगावा. अनेक जण तिथे भीतीने गप्प बसतात आणि नंतर जखम ‘जुनी’ ठरते. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, असा लेखी अर्ज वकिलामार्फत त्याच दिवशी द्या.