जमीनजुमला : हिरव्या पट्ट्यातली घरं

प्रश्न : हवेली तालुक्यात बेबी कालव्याखाली आमची दोन एकर बागायत आहे. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. आमचा गट हिरव्या पट्ट्यात, म्हणजे विकास आराखड्यात शेतीसाठी दाखवलेल्या भागात आहे म्हणतात, पण दोन्ही बाजूंना प्लॉट पडले, घरं झाली. हे सुरू होतं कुठून? आणि आम्ही ऊस किती दिवस लावायचा?
— एक वाचक, हवेली

उत्तर : माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणीवर गेली, त्यामुळे उत्तरही कागदापासूनच देतो. शेजारच्या गटाचे मागच्या वीसेक वर्षांचे सातबारे काढा. मालकी सांगणारा सात नंबर बाजूला ठेवा, तो सगळेच वाचतात. पिकांच्या नोंदीचा बारा नंबर बघा. ऊस, कांदा, गहू असं चालत आलेलं असतं आणि मग एका वर्षी ‘पड’ लागते. शेती तिथे संपली. घरं त्यानंतर कितीतरी वर्षांनी येतात.

(पूर्वी पीकपाहणी, म्हणजे ही पिकांची नोंद, चावडीत बसूनही भरली जायची, हे मान्य. 2021 पासून शेतकऱ्यानेच मोबाइलवरून ती नोंदवायची आहे. तरीही चार-पाच वर्षांचा कल लपत नाही.)

पड का लागते? इसार (विक्रीची आगाऊ रक्कम) घेतलेला मालक पिकात पैसा घालत नाही आणि घेणाऱ्याला पीक नकोच असतं. तो तारेचं कुंपण घालतो, त्यात चारी, म्हणजे कालव्याचं पाणी शेतात आणणारा पाट, बुजते. मग खालच्या शेतकऱ्याचं काहीही विकलेलं नसताना त्याची पाण्याची पाळी (आवर्तन) तुटते. खुरपणीला येणाऱ्या बाया सोसायट्यांमध्ये कामाला लागतात, तिथे बारमाही पगार मिळतो. उसाची तोड आली की ट्रॅक्टर वळवायला बांधावर जागा नसते. वस्ती झाल्यावर फवारणीच्या वासाची तक्रार येते, ती वेगळीच. तुमच्या दोन एकरांवर आज हेच चाललं असणार.

मधल्या काळात ती जमीन रिकामी मात्र राहत नाही. वरची चांगली माती वीटभट्टीला जाते. रस्त्याकडेला नर्सरी, पुढे लॉन्स, मागे भंगाराचं गोदाम. विकास आराखड्यावर यातलं काहीच उमटत नाही. हिरवा रंग तिथे कशाची परवानगी आहे एवढंच सांगतो, प्रत्यक्षात काय आहे ते नाही.

त्या रंगाखाली गुंठ्यांची विक्री कशी होते, हे तुम्ही पाहिलंच आहे. तुकडेबंदी कायदा 1947 चा. लहान तुकडा वेगळा काढता येत नाही, म्हणून सामाईक हिश्शाने किंवा नुसत्या नोटरीवर व्यवहार होतो. मग 2001 चा गुंठेवारी कायदा आला, त्याने त्या वर्षीच्या 1 जानेवारीपर्यंतचे प्लॉट नियमित करायची वाट उघडली. 2021 च्या दुरुस्तीने ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. राहत्या माणसाला घरातून काढू नये हे मलाही पटतं. पण प्रत्येक नव्या तारखेने गुंठे पाडणाऱ्याला पुढच्या तारखेची आशा लावली, आणि शेतकऱ्याला मिळाला तो पहिल्या विक्रीचा भाव.

वेगळंही घडलंय. तुमच्या जवळच हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांहून जास्त जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा घेतला. ते जमलं, कारण जमिनी सलग होत्या आणि भावकी एका शब्दावर आली. तुमच्याकडे दोन्ही बाजूंचे गुंठे पडल्यावर आता ते होणं अवघड.

आता उसाचं. विकायचं ठरलं तरी विकेपर्यंत जमीन पड ठेवू नका. शहराच्या हद्दीतली शेतजमीन आयकराला भांडवली मालमत्ता धरली जाते, विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. विक्रीआधीची दोन वर्षं तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी ती कसलेली असेल आणि विकल्यावर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतलीत, तर त्यात सवलत आहे. ती मागताना कसल्याचा पुरावा बारा नंबरच देतो. चारी बंद झाली असेल आणि ऊस जमत नसेल, तर विहिरीवर मका, कडवळ (चाऱ्याची ज्वारी), काहीही करा, पण ई-पीकपाहणी चुकवू नका.

प्रश्न : मी ठाण्याला राहते. वाघोलीजवळ दोन गुंठे मिळताहेत. ‘एनए (बिनशेती) होणारच आहे, तोवर सातबाऱ्यावर सामाईकात नाव लावून देतो’ असं एजंट म्हणतो. घ्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको, ताई. सामाईक नावाने हिस्सा मिळतो, जागा मिळत नाही. तुमचे दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट गटात नेमके कुठे, हे फाळणी, म्हणजे हिश्शांची मोजून वाटणी, झाल्याशिवाय मोजणीदारही दाखवू शकणार नाही. बाकीच्या हिस्सेदारांपैकी एकजण कोर्टात गेला की सगळेच अडकतात. शिवाय तुमच्या नावावर कुठेच शेती नसेल, तर शेतजमीन विकत घेण्यालाच कुळकायद्याची अडचण आहे.

त्या भागात घर करायचंच असेल, तर मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला), बिनशेती आदेश झालेला प्लॉट बघा. महाग पडेल. जाताना गाव नकाशाची प्रत सोबत घ्या आणि त्यावर काढलेला ओढा जागेवर दिसतो का ते पाहा. नकाशात ओढा असेल आणि जागेवर भराव असेल, तर तिथून परत फिरा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं दगावली. ओढे शेतं विकली म्हणून वाट बदलत नाहीत. एजंटाला तो नकाशा दाखवून थेट विचारा आणि उत्तर लेखी मागा.