‘अनियंत्रित विमानतळ’ म्हणावे काय?

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, परदेशातील विमान अपघाताच्या एका मराठी बातमीत ‘अनियंत्रित विमानतळावर धावपट्टी २६ वर उतरण्याची परवानगी वैमानिकाने मागितली होती’ असे वाक्य वाचले. विमानतळ अनियंत्रित होता, तर परवानगी मागितली कोणाकडे, आणि ‘अनियंत्रित’ हा शब्द तरी येथे बसतो काय? दाबोळीच्या धावपट्टीचा क्रमांकही २६ असल्याचे त्यांनी ऐकले आहे. तेव्हा हा आकडा कशाचा, असा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

पहिली शंका अगदी रास्त आहे. मराठीत ‘अनियंत्रित’ म्हटले की हाताबाहेर गेलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते: गर्दी अनियंत्रित होते, भरधाव मोटार अनियंत्रित होऊन झाडावर आदळते. बातमीदाराला मात्र एवढेच सांगायचे होते की, त्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक नव्हता. आपल्याला हे चमत्कारिक वाटते, कारण गोव्यातील दोन्ही विमानतळांवर नियंत्रण मनोरा आहे. दाबोळीला आयएनएस हंसा या तळावरून नौदल ते काम पाहते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून प्रवासी सेवेत असलेल्या मोपालाही नियंत्रकाने हिरवा कंदील दिल्याशिवाय विमान हलत नाही. अमेरिकेत मात्र सार्वजनिक वापराचे विमानतळ काही हजार आहेत आणि त्यांपैकी मनोरा आहे तो सुमारे पाचशेच ठिकाणी. म्हणजे तेथे ही नित्याची पद्धत आहे, बेबंदशाही नव्हे.

त्या पद्धतीत परवानगी नसते, पुकार असते. परिसरातील सर्व वैमानिक ठरलेल्या एकाच रेडिओ फ्रिक्वेन्सीवर कान ठेवतात, आणि उतरू पाहणारा वैमानिक साधारण दहा मैलांवरून बोलू लागतो: आधी विमानतळाचे नाव, मग आपली ओळख, आपण कोठे आहोत, कोणत्या धावपट्टीवर काय करणार आहोत, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचे नाव. नावाची ही पुनरुक्ती हौसेची नव्हे. आसपासचे अनेक छोटे विमानतळ एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे सुरुवातीचे नाव खरखरीत हरवले तर ऐकणाऱ्याला पुकार भलत्याच गावची वाटू शकते. चोर्ला घाटातल्या वळणावर ट्रकवाला हॉर्न देतो तेव्हा तो कोणाची परवानगी मागत नसतो, तसेच हे आहे; फरक इतकाच की, हॉर्नमधून कोण, कोठे आणि कोणत्या दिशेला ते कळत नाही, पुकारीतून ते कळलेच पाहिजे. म्हणून बातमीत ‘परवानगी मागितली’ऐवजी ‘उतरत असल्याचे कळवले’ किंवा ‘जाहीर केले’ असेच हवे होते. ‘परिसरात कोणी असल्यास कृपया कळवावे’ अशी मोघम विचारणा करण्याची सवय काही वैमानिकांना असते, पण अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शिकेने ती स्पष्टपणे निषिद्ध ठरवली आहे. मला ही मनाई पटते. सर्वांनी एकदम उत्तरे दिली तर कोणाचेच ऐकू येणार नाही.

कोण बोलले हे न कळल्याने काय होते, त्याचे उदाहरण इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी घडले. तेथे मनोरा नव्हता. एक छोटे प्रवासी विमान उतरत होते, आणि त्याची धावपट्टी छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी किंग एअर जातीचे विमान उभे होते. उतरणाऱ्यांनी विचारले, तुम्ही थांबणार की निघणार? किंग एअरमधून उत्तर आले नाही. त्याच्या मागे रांगेत असलेल्या तिसऱ्या विमानाच्या वैमानिकाने आपण थांबलो असल्याचे सांगितले, आणि त्याचे पुढचे शब्द उतरणाऱ्या विमानातील उंचीच्या इशाऱ्याच्या आवाजात बुडाले. उतरणाऱ्यांनी ते उत्तर किंग एअरचेच समजून आभार मानले. किंग एअरने मात्र काहीही न पुकारता धाव सुरू केली होती. दोन्ही विमाने छेदबिंदूवर आदळली आणि त्यांतील १४ जण दगावले. चौकशीत मुख्य ठपका किंग एअरच्या वैमानिकांवर आला, कारण त्यांनी ना फ्रिक्वेन्सीकडे नीट लक्ष दिले, ना बाहेर नीट पाहिले.

हे ध्यानात घेता संज्ञा कोणती वापरावी? ‘मनोरा नसलेला विमानतळ’ हे कोणालाही कळते, आणि इंग्रजीतही ‘अनकंट्रोल्ड’ या जुन्या शब्दाऐवजी आता याच अर्थाची ‘नॉन-टॉवर्ड’ ही संज्ञा रूढ होत आहे. पण तीही काटेकोर नाही. काही ठिकाणी मनोरा असतो आणि रात्री नियंत्रक घरी जातात; काही ठिकाणी मनोऱ्यात बसलेला कर्मचारी वारा आणि वाहतूक यांची माहिती देतो, परवानगी देण्याचा अधिकार त्याला नसतो. उलट मनोराच नसलेल्या ठिकाणाहून ढगांतून उपकरणांच्या आधारे जाणाऱ्या विमानाला दूरच्या नियंत्रण केंद्राची परवानगी बहुधा घ्यावीच लागते. उणीव इमारतीची नसून माणसाची आहे, तेव्हा ‘नियंत्रकाविना चालणारा विमानतळ’ हे मला अधिक नेमके वाटते. ‘नियंत्रकरहित’ शासकीय कागदांत शोभेल. बातमीत तो शब्द उगाच जड होतो.

जाता जाता आणखी एक. ‘धावपट्टी मोकळी असल्याचे वैमानिकाने कळवले’ अशीही वाक्ये दिसतात. वैमानिक फक्त आपण ती सोडल्याचे कळवतो. मागे दुसरे विमान शिरले आहे काय, याची हमी तो देऊ शकत नाही.

आता आकड्याविषयी. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा अंशांत मोजून, जवळच्या दहापर्यंत आणून, शेवटचे शून्य गाळलेला आकडा. २६ म्हणजे सुमारे २६० अंश, जवळजवळ पश्चिम. तीच पट्टी उलट टोकाकडून ०८ होते, म्हणून दोन टोकांच्या क्रमांकांत नेहमी १८ चा फरक पडतो. दाबोळीची धावपट्टी ०८/२६ आहे आणि त्याच दिशेची दुसरी कोणतीही पट्टी हाच क्रमांक मिरवील. लिहिताना ‘धावपट्टी २६’ पुरेसे आहे. मात्र रेडिओवरील संभाषण उद्धृत करायचे असेल तर ‘सव्वीस’ न लिहिता ‘दोन-सहा’ असे अंक सुटे लिहावेत, कारण वैमानिक ते तसेच उच्चारतात.