सांगलीत छोट्या प्लेटांचे रेस्टॉरंट काढताना

विश्रामबागेत चाळीस आसनांची जागा घेऊन जगभरातील पदार्थ छोट्या प्लेटांमधून देणारे देखणे रेस्टॉरंट काढायचे आहे. सांगलीकर ते स्वीकारतील का, मेनू कसा ठेवावा आणि दर काय असावेत, असे तुम्ही विचारले आहे. पुण्यातील अशाच एका स्वयंपाकघरात मी सहा वर्षे काम केले आणि त्यानंतर सांगलीत चार वर्षे स्वतःचे रेस्टॉरंट चालवले, त्या अनुभवावरून लिहितो. चालेल, असे माझे मत आहे. तुमच्या मसुद्यात मात्र पाच देश आणि छत्तीस पदार्थ असूनही एका प्लेटमध्ये किती नग येणार, हे कुठेच लिहिलेले नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

आपल्याकडे संध्याकाळी जेवायला येणारे टेबल बहुधा चार ते सहा जणांचे, घरच्या मंडळींचे असते. मी सुरुवातीला चीजचे क्रोकेट (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले गोळे) एका प्लेटमध्ये तीन देत असे, कारण पुण्यात तसेच देत होतो आणि त्या काळ्या दगडी पाटीवर तीनच शोभून दिसत. पहिल्याच आठवड्यात चौघांच्या टेबलावरील एका काकूंनी सुरी मागवली, तिन्ही क्रोकेटचे शांतपणे दोन-दोन तुकडे केले, आतले चीज पाटीवर पसरले, आणि उरलेले दोन तुकडे ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ करता करता गार होऊन परत आले. दुसऱ्या दिवसापासून मी चार नग केले आणि ‘जादा नग’ असा वेगळा दर छापला. पाच-सहा जणांच्या टेबलांचा प्रश्न त्याने सुटला. (दगडी पाट्याही घेऊ नका, त्यांवर तेलाचे डाग राहतात.)

दुसरा मुद्दा पोट भरण्याचा. स्पेनमधील तापास किंवा जपानमधील इझाकाया, म्हणजे तिथल्या मद्यालयांतील प्लेटा मुळात पेयासोबत, गप्पांच्या ओघात खाण्याच्या आहेत. स्पेनमधल्याच सान सेबास्तियानच्या बारमध्ये तर पिंचोच्या, म्हणजे काडी टोचून दिलेल्या छोट्या घासांच्या, काड्या मोजून बिल करण्याची पद्धत आहे. तुमचे रेस्टॉरंट मद्याविना आणि कुटुंबांसाठी असणार, म्हणजे साडेआठला आलेला माणूस जेवायलाच आलेला असेल. त्यामुळे मांडणीचा आधार म्हणून तुर्कस्तान-लेबनॉनकडील मेझे घ्यावे, असे मी सुचवेन. तिथे मधोमध रोटी असते आणि भोवती चटण्या, भरते, कोशिंबिरी व कबाब. ठेचा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रोटीची टोपली मेनूच्या तळाशी न ठेवता पहिल्या ओळीत ठेवा आणि ती गरमच द्या.

पदार्थ निवडताना गावाकडे पाहा. कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत आपल्याकडे घरोघर होते, तेव्हा निखाऱ्यावर भाजलेल्या त्याच वांग्याचे ताहिनी (तिळाची पेस्ट) घातलेले बाबा गनूश लोक आपलेपणाने खातात, शिवाय भरिताशी ताडून पाहतात. सिसिलीतील कापोनाता या वांग्याच्या आंबटगोड पदार्थात बेदाणाही घालतात. बेदाण्याचे तासगाव जवळ असताना तो पदार्थ तुमच्या मसुद्यात नसावा, याचे मला नवल वाटले. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, ते मेनूवर एका ओळीत लिहिता येईल.

आपल्याकडे जैन कुटुंबे बरीच आहेत, हे मेनू छापण्यापूर्वीच विचारात घ्या. नुसता कांदा-लसूण वगळून भागत नाही, बटाटाही चालत नाही. म्हणून पातातास ब्रावासची (तिखट सॉससोबतचे स्पॅनिश तळलेले बटाटे) कच्च्या केळ्याची आवृत्ती तयार ठेवा आणि तिचा सॉस वेगळ्या भांड्यात करा. वांगेही सर्वांना चालेलच असे नाही, तेव्हा वाढप्याने ऑर्डर घेताना विचारलेले बरे.

मेनू अठरा पदार्थांपुढे नेऊ नका. ही संख्या चवीवरून नव्हे, तर चुलींवरून ठरते. माझ्या पहिल्या मेनूतील बावीसपैकी चौदा पदार्थ तळणीचे होते. शनिवारी रात्री सहा टेबलांच्या ऑर्डरी एकदम आल्या तेव्हा फ्रायरपुढे रांग लागली, तेल थंड पडून क्रोकेट फुटले आणि थंड प्लेटा करणारा मुलगा मात्र हात बांधून उभा होता. आता मी एक तृतीयांश पदार्थ थंड, एक तृतीयांश भट्टी वा तव्यावरचे आणि तेवढेच तळणीचे, असा हिशेब धरतो. थंड प्लेट पाच-सात मिनिटांत टेबलावर पोचली पाहिजे, म्हणजे पुढच्या प्लेटांसाठी लोक थांबतात. ‘जसे तयार होईल तसे येईल’ हे वाढप्याने आधीच सांगावे, नाहीतर एकाची प्लेट आली आणि बाकीचे तोंडाकडे बघत बसले, अशी तक्रार येते.

दराबाबत थोडक्यात. मालाचा खर्च विक्रीच्या ३० ते ३५ टक्क्यांत बसवा. ६० रुपयांचा माल लागणारी प्लेट १९० रुपयांना जाते. चौघांनी अशा आठ प्लेटा आणि रोटीच्या ६० रुपयांच्या दोन टोपल्या घेतल्या तर १,६४० रुपये होतात आणि ५ टक्के जीएसटी धरून बिल १,७२२ रुपये. हा आकडा ग्राहकाला बिल हातात आल्यावर कळला तर तो पुन्हा येत नाही, म्हणून चौघांसाठी ठरावीक दराचा ‘आठ प्लेटांचा संच’ मेनूवर ठेवा. सेवाशुल्क बिलात परस्पर जोडू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच त्याला मनाई केली आहे.

सजावटीवर खर्च करण्याआधी एक करा. ओळखीच्या चार कुटुंबांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा, पूर्ण संच वाढा आणि चवीविषयी काही विचारू नका; परत आलेल्या प्लेटांत काय उरले आणि रोटीची टोपली किती वेळा मागितली, एवढेच वहीत लिहून इथे टाका. त्यावरून अठरापैकी कोणते पदार्थ गाळायचे ते मी सांगू शकेन.