गोव्याचा कार्निव्हल खरंच जुना आहे, की पर्यटकांसाठी सुरू केलेला?

तुम्ही पणजीची मिरवणूक पाहून विचारताय, असं दिसतं. ती मिरवणूक १९६५पासूनची आहे. चित्ररथ, मुकुट घातलेला कार्निव्हलचा राजा किंग मोमो, ‘खा, पिये आनी मजा कर’ हे त्याचं फर्मान, हे सगळं गोवा मुक्त झाल्यावरचं. पण सण त्याहून कितीतरी जुना. गावातली माणसं त्याला आजही इंत्रूज म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रूदू’वरून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘प्रवेश’ आहे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात प्रवेश. ‘कार्निव्हल’ या शब्दातही मांस बाजूला ठेवणं हाच अर्थ सांगतात.

नोकरीमुळे मी तीन वर्षं मडगावजवळच्या एका गावात भाड्याने राहिलो. शनिवारपासून मंगळवारपर्यंत घरमालकीणबाई सोरपोतेलच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार पदार्थाच्या तयारीत असायच्या. बुधवारी सकाळी त्याच बाई कपाळावर राखेची खूण घेऊन चर्चमधून परतायच्या आणि घरात मांस शिजत नसे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार) आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. कोकणीत राखेला गोबर म्हणतात, म्हणून तो ‘गोबराचो बुधवार’. मराठी माणूस पहिल्यांदा ऐकून दचकतो, मीही दचकलो होतो. तिथून ईस्टरपर्यंत ४६ दिवस. मधले रविवार उपासात धरत नाहीत, ते वगळले की ४० उरतात.

ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. तिथून ४६ दिवस मागे गेलं की साधारण अमावास्येच्या आसपास पोचतो. म्हणून इंत्रूज पुष्कळदा महाशिवरात्रीच्या जवळपास येतो. २०२६मध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि राखेचा बुधवार १८ला. मला हा योग फार आवडतो.

माझा जीव मात्र खेळांत अडकलाय. सासष्टीच्या, म्हणजे मडगावच्या तालुक्यातल्या गावांत या दिवसांत मंडळ्या फिरतात. मोकळ्या जागेत, कुणाच्या अंगणात, ट्रम्पेट आणि ढोलाच्या साथीने छोटी नाटकं करतात, त्यांनाच खेळ म्हणतात. विषय घरातलेच: सासूसुना, जमिनीचे तंटे, आखातात गेलेला मुलगा. पूर्वी बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. कोकणातल्या दशावतारावर वाढलेल्या मला हे अजिबात परकं वाटलं नाही.

चांदरचा मुसळ खेळ तर चुकवूच नका. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. इंत्रूजच्या सोमवारी रात्री तिथले ख्रिस्ती पुरुष हातात मुसळं घेऊन, ती जमिनीवर आपटत नाचतात. विजयनगरच्या एका विजयाची ही आठवण आहे, असं सांगतात. लढाई हिंदू राजांची, नाचणारे ख्रिस्ती, मुहूर्त उपासकाळाच्या तोंडावरचा. धर्म बदलला तरी गावाने आपला नाच सोडला नाही. दिवाडी बेटावर याच दिवसांत पोतेकार निघतात, मुखवटे घालून, घंटा वाजवत, पोरांना घाबरवत.

मिरवणुकीवर जाहिरातींचा ताबा वाढलाय, ही तक्रार गोव्यातच सर्वांत जास्त ऐकू येते आणि मला ती रास्त वाटते. म्हणून पुढच्या खेपेला शनिवारी पणजी बघून परत फिरू नका. सोमवारी संध्याकाळी मडगावहून चांदरला जा, जेमतेम दहा-बारा किलोमीटर आहे.