अंगणातल्या आंबट करंबळांचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की शोभेला म्हणून लावलेलं स्टारफ्रूटचं झाड फळांनी वाकलंय, पण फळं आंबटढाण निघाली, मग त्यांचं करायचं काय?

आमच्या सांगलीच्या घरापुढं हेच झाड आहे. नाव ऐकून परदेशी वाटतं, पण पोर्तुगीजांनी ‘कारांबोला’ हा शब्द आपल्याच ‘करंबळ’वरून घेतलाय. संस्कृतात कर्मरंग.

आधी एक बघा, फळं हिरवी असतानाच तोडताय का? तोडून अढीत घातलं की रंग चढतो, गोडी वाढत नाही. झाडावरच पिवळं होऊ द्या. तरीही आंबट लागलं तर जातच आंबट. बियांपासून आलेल्या झाडाचं असं बऱ्याचदा होतं. आमचं त्यातलंच.

पण स्वयंपाकाला हेच बरं. कांदा-लसूण मसाल्याच्या आमटीत चिंचेऐवजी चार चकत्या टाकतो. लोणच्याला पाचही कंगोऱ्यांच्या कडा सुरीनं तासायच्या, बिया काढायच्या, चकत्यांना तासभर मीठ लावून सुटलेलं पाणी काढायचं. मग तिखट, मेथीपूड, भरपूर गूळ आणि वरून गार केलेली मोहरीची फोडणी. गुळात हात आखडू नका.

आता खरं महत्त्वाचं. किडनीचा आजार असलेल्याला हे फळ अजिबात देऊ नका, चकतीभरही नाही. यातलं ऑक्झॅलिक आम्ल आणि कॅरामबॉक्सिन नावाचं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. न थांबणारी उचकी लागते, माणूस बरळायला लागतो, झटके येतात, जीवही जातो. मला हे कुठं माहीत होतं? शेजारच्या काकांचं डायलिसिस चालू होतं आणि मी कौतुकानं पिशवीभर फळं घेऊन गेलो. त्यांची सून नर्स आहे. तिनं फाटकातच पिशवी बघितली आणि म्हणाली, “भाऊजी, ही आत आणूच नका.” धडधाकट माणसानंही उपाशीपोटी ग्लासच्या ग्लास रस पिऊ नये.

पाखरांनी टोचलेली, खाली पडलेली फळं आई गोळा करते. अर्धं फळ मिठात बुडवून समईवर घासलं की पितळ लख्ख निघतं. तेही त्या आम्लाचंच काम. गेल्या दिवाळीला आमच्याकडं पितांबरी आणलीच नाही.