आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात न मिळणारं जुनं मराठी पुस्तक कसं शोधावं?

तुम्ही विचारलंय की वऱ्हाडी लोकगीतांचा एक जुना संग्रह हवा आहे, लेखकाचं आडनाव तेवढं आठवतं, आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीतले दुकानदार 'ते आता येत नाही' म्हणून परत पाठवतात. त्या उत्तरावर थांबू नका. तालुक्याचं दुकान पाठ्यपुस्तकं, गाईड, वह्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि पोथ्या यांवर चालतं. माल नागपूर-अमरावतीच्या ठोक विक्रेत्याकडून येतो आणि त्याच्या यादीत नसलेलं पुस्तक दुकानदाराला दिसतच नाही. शिवाय एका प्रतीसाठी फोन, वाहतूक आणि कमिशन यांचा हिशेब केला तर त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून नुसतं नाव विचारण्यात अर्थ नाही. पूर्ण तपशील लिहून न्या, पैसे आगाऊ द्या आणि 'पुढच्या मालाबरोबर आणा, घाई नाही' असं सांगा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या सुमारास दुकानात मान वर करायला सवड नसते. पोळ्यानंतर जा.

खरं काम आहे तो तपशील मिळवण्याचं. पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक, गाव, साल, पानं. प्रकाशक कळला की अर्धा शोध संपतो. यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो मार्ग पीएच.डी.च्या प्रबंधांचा. शोधगंगा या संकेतस्थळावर वऱ्हाडी बोली आणि लोकसाहित्यावरचे मराठी प्रबंध फुकट वाचता येतात. मजकूर वाचत बसू नका, सरळ शेवटची संदर्भग्रंथसूची उघडा. लेखक, प्रकाशक, गाव, साल एका ओळीत मिळतं. दुसरा मार्ग वर्ल्डकॅट, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन सूची. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं तिकडच्या ग्रंथालयांसाठी घेत आलं आहे, त्यामुळे लहानशा गावी छापलेल्या मराठी पुस्तकाचीही तिथं नोंद सापडू शकते. शोध रोमन लिपीत घ्या आणि स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून पाहा. पुस्तक तिथून येणार नाही, पण पानांची संख्या कळते आणि ती पुढं उपयोगी पडते.

प्रकाशक कोण, यावर पुढची दिशा ठरते. सरकारी असेल तर नागपूरचं शासकीय ग्रंथागार, म्हणजे सरकारी पुस्तकांचं विक्री केंद्र. लोकगीतांच्या बाबतीत ही शक्यता आधी तपासा, कारण राज्याच्या लोकसाहित्य समितीनं लोकसाहित्यमाला काढली होती. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी संपलेली पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. तुमच्या भागात काही पुस्तकांची घरं ठरलेली आहेत: विनोबांची पवनारच्या परंधाम प्रकाशनाकडे, तुकडोजी महाराजांची गुरुकुंज मोझरीला. आंबेडकरी चळवळीतल्या छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, शाहिरांच्या गीतांच्या पुस्तिकांसकट, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरातल्या स्टॉलवर पाहावीत. त्यांतलं बरंचसं एरवी दुकानात येतच नाही.

पण तुमचं पुस्तक लेखकानं स्वतःच छापलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. अशा पुस्तकावर प्रकाशक म्हणून पत्नीचं किंवा मुलाचं नाव असतं आणि पत्ता घरचाच असतो. प्रती प्रकाशन समारंभात, शाळांत आणि ओळखीपाळखीत वाटल्या जातात, दुकानाची पायरी त्या चढतच नाहीत. उरलेले गठ्ठे माळ्यावर पडतात. लेखक शिक्षक असेल तर त्यांच्या शाळेत किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात विचारा, वारसांचा पत्ता बहुधा तिथून लागतो. मुद्रकाचं नाव कळलं तर तेही सोडू नका. वारसांकडे गेलात तर पुस्तक का हवं आहे ते मोकळेपणानं सांगा. आपल्या माणसाचं लिहिलेलं कुणी विचारत आलं याचं घरच्यांना मोल असतं.

ग्रंथालयं मात्र दुकानांच्या आधी पाहावीत असं माझं ठाम मत आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं अगदी लहान गावांतही आहेत. वर्ध्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जिल्ह्यातल्या अशा वाचनालयांची यादी मागा. वाचनालयात गेल्यावर कपाट बघून परतू नका, दाखल नोंदवही मागा. ती पुस्तक आलं त्या क्रमानं लिहिलेली असते. तुमच्याकडे प्रकाशनाचं साल असेल तर त्यापुढच्या तीन-चार वर्षांची पानं चाळली की पुरतं. नोंद सापडली आणि पुस्तक जागेवर नसलं तर लोकसाहित्य (दशांश वर्गीकरणात ३९८), मराठी साहित्य (८९१.४६) आणि कविता अशा तिन्ही ठिकाणी बघा. जिथं हे वर्गीकरण नाही तिथं 'संकीर्ण'चं कपाट. लोकगीतं नेमकी कुठं ठेवायची यावर प्रत्येक ग्रंथपाल वेगळं ठरवतो, म्हणून ती हरवतात. नागपूरला विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय चुकवू नका. संघ १९२३चा आहे आणि विदर्भातल्या लेखकांची पुस्तकं शोधायला त्याहून योग्य जागा सुचत नाही.

जुन्या पुस्तकांसाठी नागपुरात बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, आहेच. तिथं पुस्तकाचं नाव, लेखक आणि तुमचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून विक्रेत्याकडे ठेवा, जमलं तर मुखपृष्ठाचा फोटो द्या. गावच्या कबाड्यालाही सांगून ठेवा, पण वेळेवर: दिवाळीच्या साफसफाईआधी आणि परीक्षा संपताना. रद्दी त्याच्याकडे फार दिवस राहत नाही, वजन करून पुढं जाते. मराठी जुनी पुस्तकं वेगळी काढली तर रद्दीपेक्षा जास्त भाव देईन, एवढा शब्द द्या.

प्रत हाती आली की पैसे देण्याआधी पानं मोजा. डेमी आकाराचं पुस्तक साधारण १६ पानांच्या फर्म्यांनी (एका कागदावर छापून घडी घातलेल्या जुड्यांनी) बांधलेलं असतं आणि बांधणीत अख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा येतो. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे जोड तपासले की लगेच कळतं. शेवटचं पान वर्ल्डकॅटमधल्या आकड्याशी ताडून बघा. वाचनालयाचा शिक्का असेल आणि पुस्तक रद्द केल्याची खूण नसेल तर ते विकत घेऊ नका, त्या वाचनालयाला कळवा.

प्रत फक्त वाचायला मिळाली तर नक्कल काढण्याआधी हक्क पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. गीतं लोकांची असली तरी संपादकाच्या टिपा आणि प्रस्तावना त्याच्याच असतात. मुदत उरली असेल तर वारसांची लेखी परवानगी घ्या. जुनं पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका, पिवळ्या कागदाची पाठ तिथंच मोडते. पुस्तक काटकोनाएवढंच उघडा, दोन्ही बाजूंना उशीचा आधार द्या, खिडकीच्या उजेडात आधी सगळी उजवी पानं आणि मग सगळी डावी पानं फोनवर टिपा, आणि पहिल्या फोटोत मुद्रक-प्रकाशकाचं पान घ्या.