गाडी-गॅरेज: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: सर, माझी 96 ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली. गेल्या महिन्यात घाटात तापली आणि हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं. लेथवाल्याकडून हेडचं फेसिंग (तळ सपाट) करून आणलंय, व्हॉल्व्ह पण घासून घेतले. पण गॅरेजवाला आज-उद्या करत तीन आठवडे झाले, म्हणून मी आणि मावसभाऊ घरीच बसवणार आहोत. तो म्हणतो टॉर्क रेंच कशाला, हाताला कळतं. आणि गॅस्केटला शेलॅक (चिकट सीलंट) लावायचं का?
– एक वाचक, कराड

उत्तर: मावसभावाच्या हाताचा मान राखून सांगतो, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला 'टक' करणारा पाना) भाड्याने का होईना पण आणाच. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एका बाजूला जास्त आवळलं गेलं की वाकतं आणि लेथवाल्याला दिलेले पैसे पाण्यात. मॅन्युअलमधला आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये आहे की न्यूटन-मीटरमध्ये ते आधी बघा, 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे जवळपास 9.8 न्यूटन-मीटर, इथे घोळ झाला की बोल्टच तुटतो.

पण खरं सांगू का, आवळण्याच्या आधी जे करायचं त्यातच लोक घाई करतात. हेड काढताना कूलंट आणि ऑइल ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत उतरतं. त्यातली काही भोकं तळाला बंद असतात, ते तसंच राहिलं तर बोल्ट खाली जाऊन त्या पाण्यावरच दाबतो, रेंच 'टक' करतो, तुम्हाला वाटतं झालं, आणि हेड तर बसलेलंच नसतं, कधीकधी ब्लॉकलाच चीर जाते. मेडिकलमधून एक मोठी सिरिंज घ्या, पुढे बारीक नळी लावून ओढून काढा, मग काडीला फडकं गुंडाळून तळापर्यंत पुसा, फडकं कोरडं वर येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

शेलॅक नको. नवीन गॅस्केट कोरडंच बसतं, पृष्ठभाग स्वच्छ हवा बस. गॅस्केटवर 'टॉप' लिहिलं असेल तर ते वर, आणि पाण्याची, ऑइलची भोकं ब्लॉकशी जुळतात का ते डोळ्यांनी बघा. हेड टेबलावर ठेवताना दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लावलेला असेल तर काही व्हॉल्व्ह उघडे खाली आलेले असतात, तोंडावर ठेवलं की तेच वाकतात. व्हॉल्व्ह घासलेत म्हणता तर बसवायच्या आधी हेड उलटं धरून चेंबरमध्ये थोडं रॉकेल ओता, पोर्टमधून पाझरलं तर परत लेथवाल्याकडे.

हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आवळा, फेऱ्या-फेऱ्यांनी. पहिल्या फेरीत नुसते टेकवा, दुसऱ्या फेरीत निम्मं, तिसऱ्या फेरीत पूर्ण. मग टायमिंग बेल्ट, कॅम पुली आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) दोन्हीच्या खुणा जुळवून. आता प्लग काढा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा (कॅमची तेवढ्यात एकच होते), खुणा परत समोर आल्या पाहिजेत. मध्येच कुठे अडलं तर जोर लावू नका, बेल्ट काढून पुन्हा बघा. हे न करता किल्ली मारणाऱ्यांचे फोन मला रविवारी येतात. ऑइल दुधासारखं झालं असेल तर तेही बदला, फिल्टरसकट.

प्रश्न: हेडचं काम झाल्यापासून वरून टकटक आवाज येतो. टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट ठरवणारा स्क्रू) घट्ट करून टाकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: 'घट्ट' नाही, मापात. इंजिन गार असताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून फट मॅन्युअलच्या मापाला लावा, पाती हलकी अडत सरकली पाहिजे. एक्झॉस्टचं माप सहसा इनटेकपेक्षा थोडं जास्त असतं कारण तो जास्त तापतो. आवाज बंद व्हावा म्हणून शून्यावर आवळलंत तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसणारच नाही आणि जळेल. बारीक टिकटिक राहिली तर राहू दे.